डाउलंडसाठी आधी कर्कबी ऐका

चारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज संगीतकार जॉन डाउलंड याची उदास ल्यूटगीतं (ल्यूट या छेडून वाजवायच्या तंतुवाद्याच्या साथीची गाणी) ऐकायची तर पॉप गायक स्टिंगच्या २००६ च्या अल्बमपासून सुरुवात करा, असं त्याच्या गाण्यांची यादी देणाऱ्या तुमच्या लेखात सुचवलंय. नव्या श्रोत्याला तो जवळचा वाटेल, हे मान्य. पण माझं मत गायिका एमा कर्कबी आणि ल्यूटवर अँथनी रूली या जोडीला. १६०० साली छापलेलं डाउलंडचं 'फ्लो माय टिअर्स' चार उतरत्या स्वरांनी सुरू होतं. कर्कबी ते स्वर जवळजवळ कंपाशिवाय, सरळ लावते, त्यामुळे उतरणीची प्रत्येक पायरी स्वच्छ ऐकू येते. ल्यूटचा नाद छेडल्यावर लगेच विरतो. गाणाऱ्याने जरा जोर लावला की साथ बुडालीच.

जुन्या गायकांपैकी आल्फ्रेड डेलर आवर्जून ऐका. पुरुषाचा इतका उंच पट्टीतला आवाज सुरुवातीला परका वाटतो, पण शब्द काय जपून टाकतो हा माणूस!

आणि डाउलंडचंच १६१० मधलं 'इन डार्कनेस लेट मी ड्वेल' तुमच्या यादीत हवंच होतं. शेवटी पहिली ओळ परत येते आणि गाणं मध्येच थांबल्यासारखं संपतं. तिथे उगाच रेंगाळणारं गायन मला अजिबात सहन होत नाही. पुढच्या भागात या एका गाण्याची दोन-तीन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून लिहाल का?