मुलगा झाला तर सुंता करायची का? माझं मत

आमच्याकडे लवकरच बाळ येणारे. मुलगा की मुलगी माहीत नाही, पण मुलगा झाला तर सुंता करायची का यावर घरात जेवढं बोलणं झालंय तेवढं नावावरसुद्धा झालेलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. धर्माचं कारण नसेल आणि आजार नसेल तर करू नका. मोठा झाल्यावर त्याला वाटलं तर तो करून घेईल, पण एकदा केलेली परत फिरवता येत नाही.

आता कोणीतरी म्हणेल की तुला काय कळतंय. तर माझी स्वतःची लहानपणीच झालेली आहे, आजपर्यंत काही त्रास नाही, आईवडिलांवर राग वगैरे तर अजिबात नाही. पण "मला काही झालं नाही" हे नुसतं माझं नशीब झालं, त्यावरून मी दुसऱ्या कोणाच्या शरीरावर कात्री चालवायला सही कशी करू? त्यातून "बापासारखं दिसायला हवं" हा मुद्दा तर मला कधीच समजला नाही. उद्या त्याने विचारलंच की बाबा तुमचं वेगळं का, तर दोन वाक्यांत सांगून होईल.

मेडिकल बाजू मात्र नीट बघायला हवी, कारण दोन्हीकडचे लोक अर्धंच सांगतात. फायदा आहे, खोटं कशाला बोला. पहिल्या वर्षात मुलांना लघवीचं इन्फेक्शन होण्याचं प्रमाण सुंतेने बरंच कमी होतं, पण मुळात ते होतं साधारण शंभरातल्या एकाला, म्हणजे एका बाळाचं इन्फेक्शन टाळायला शंभरेक बाळांची सुंता करायची, आणि ते इन्फेक्शन बहुतेक वेळा अँटिबायोटिकने बरं होतं. एचआयव्हीचं पण खरं आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात मोठ्या चाचण्या झाल्या, त्यात बाईकडून पुरुषाला लागण होण्याचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिथे लागण खूप आहे तिथे सुंतेची शिफारस केली. पण त्या चाचण्या प्रौढ पुरुषांवरच्या होत्या, स्वतः हो म्हणालेल्या! पाळण्यातल्या बाळाला ही काळजी लागायला अजून कित्येक वर्षं आहेत, तोपर्यंत त्याला स्वतःला विचारता येईल की.

डॉक्टरांच्या संघटनांचंही एकमत नाहीच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट सगळ्यांची करा म्हणण्याइतके नाहीत, आईवडिलांनी ठरवावं. कॅनडाच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट करू नका म्हटलं, आणि नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी तर २०१० मध्येच सरळ विरोधी भूमिका घेतली. एवढे शिकलेले लोक तेच कागद वाचून तीन वेगळ्या ठिकाणी पोचत असतील तर "करायलाच हवी" असं तरी नक्कीच नाही ना.

आणि स्वच्छतेचा मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. जन्मतः पुढची त्वचा आतल्या भागाला चिकटलेलीच असते, तो आजार नाही. ब्रिटनमधले डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये लिहिलं होतं की नवजात बाळांमध्ये फक्त चार टक्के मुलांची त्वचा पूर्ण मागे जाते. बाकीच्यांची हळूहळू आपोआप सुटते, काहींची तर वयात येईपर्यंत. तोवर बाहेरून पाण्याने धुवायचं, बस. जोर लावून मागे ओढलं की चिरते, रक्त येतं, व्रण राहतो आणि मग खरंच फायमोसिस (त्वचा आवळून मागेच न जाण्याचा आजार) होऊ शकतो, म्हणजे आपणच ओढून आपणच ऑपरेशनची वेळ आणायची. खरा फायमोसिस झाला तरी आधी स्टिरॉइडचं मलम लावून बघतात आणि बऱ्याच मुलांचं तेवढ्यावर भागतं.

बायकोचा एक मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. ती म्हणते पुढे करायची वेळ आलीच तर तेव्हा पूर्ण भूल, टाके, आणि कळत्या वयातलं दुखणं, त्यापेक्षा नवजात असताना लवकर उरकतं. बरोबर आहे तिचं. पण ती वेळ येणारी मुलं फार थोडी, त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांची आधीच का करायची, एवढंच माझं म्हणणं.

ज्यांच्याकडे धर्माचा भाग आहे त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. जर्मनीत २०१२ मध्ये कोलोनच्या कोर्टाने ही इजा ठरवली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेला कायदा करून पालकांना परवानगी द्यावी लागली, बंदीने काही साधत नाही. फक्त करणार असाल तर दुखणं कमी करायला काय देणार ते आधी विचारा. नुसतं साखरेचं पाणी चाटवणं पुरेसं नाही, जागा बधिर करायलाच हवी, बाळ बोलत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं थोडीच आहे. घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी सांगा. आणि लघवीचं छिद्र जागेवर नसेल तर करूच नका, दुरुस्तीच्या ऑपरेशनला तीच त्वचा लागते.

आमचं ठरलंय ते असं. आत्ता नाही. पण सारखी इन्फेक्शन व्हायला लागली किंवा लघवी किडनीकडे उलटी जाण्याचा दोष निघाला आणि डॉक्टर म्हणाले करा, तर मी एक शब्द बोलणार नाही, तेव्हाचं गणित वेगळं. बायको अजून पूर्ण माझ्या बाजूला नाही, साठ-चाळीस म्हणते. आणि आंघोळ घालताना कोणीही ती त्वचा मागे ओढायची नाही हे दोन्ही आज्यांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.