थंडीत स्विमिंग पूल बंद करताय? मग तो फॉरवर्ड आलेला मेसेज आधी डिलीट करा

‘थंडीत स्विमिंग पूल बंद ठेवायचे ५ सोपे उपाय’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. तो माझ्या काकांपर्यंत पोचला आणि ते पावडरचा डबा नि ॲसिडचा कॅन घेऊन पंप रूमकडे निघाले, काकूने वेळेत फोन केला म्हणून बरं. लिहिणाऱ्याचं काय जातंय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिसरा मुद्दा आधी घेते कारण तो जीवघेणा आहे. मेसेज म्हणतो, बंद करण्याआधी क्लोरीन पावडर आणि ॲसिड एकाच बादलीत कालवून ‘स्ट्राँग डोस’ द्या, पाणी तीन महिने टिकतं. अहो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो! हवेपेक्षा जड असतो तो, खाली साचतो, आणि पंप रूम बऱ्याचदा जमिनीखाली, खिडकी नाही काही नाही. दोन श्वासांत घसा आणि डोळे जळायला लागतात, आणि फुप्फुसात पाणी व्हायला कधीकधी काही तास जातात, म्हणजे माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी बसतो आणि रात्री दवाखान्यात न्यावं लागतं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, हे मोजलंय, तिथे पूलच्या केमिकल्समुळे दरवर्षी साधारण ४,५०० लोक इमर्जन्सीत जातात. त्यांचा सल्ला सरळ आहे: क्लोरीन ॲसिडमध्ये मिसळायचं नाही आणि दोन वेगळ्या प्रकारची क्लोरीनसुद्धा एकमेकांत मिसळायची नाहीत. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर यांना एकच ओला डाव वापरला तरी आग लागू शकते. आणि केमिकल पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. ॲसिड आधी, पंप चालू ठेवून, मग काही तास जाऊ द्या, पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते) तपासा, मग क्लोरीन. एवढंच आहे, त्यात ‘स्ट्राँग’ काही नाही.

पहिला मुद्दा, थंडीत पाण्यात काही वाढत नाही म्हणून केमिकल बंद. बरं, यात थोडं तथ्य आहे, मान्य करते, पाणी १० अंशांच्या खाली गेलं की शेवाळाची वाढ खूपच मंदावते आणि क्लोरीनही कमी लागतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शेवाळ मरत नाही, थांबून राहतं, ऊन वाढलं की आठवडाभरात पाणी हिरवंगार. शिवाय गार पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जास्त विरघळतं, त्यात पीएच खाली घसरलेला असेल तर पाणी प्लास्टरच खायला लागतं. बंद करताना पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये आणा आणि अधूनमधून टेस्ट किटने बघत जा.

दुसरा, पूल पूर्ण रिकामा करा म्हणे. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडे जातात, पूर्ण टाकीच वर आलेली उदाहरणं आहेत. बर्फ पडतो तिथे पाणी स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) खाली आणतात, कारण गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि स्किमर फोडतं. पण पातळी कमी करणं वेगळं, रिकामा करणं वेगळं.

चौथा, कव्हर टाकलं की विसरून जा. कव्हरवर पावसाचं पाणी आणि पाला साचतो, आणि साधं प्लास्टिकचं कव्हर म्हणजे लहान मुलाला जमीन वाटते, पाय टाकला की पोर त्यात गुरफटून खाली. घरात लहान मूल असेल तर वजन पेलणारं सेफ्टी कव्हर आणि कुंपण लागतंच, यात तडजोड नको.

आणि शेवटचा, पाइपमध्ये पाणी गोठू नये म्हणून गाडीचं कूलंट ओता. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे, चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरंही चाटतात. लागलंच तर पूलसाठी मिळणारं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं घ्या, तेही आधी ब्लोअरने पाइपातलं पाणी बाहेर काढून, कारण पाइप फुटतो तो आत राहिलेल्या पाण्यामुळे.