‘पाजा’ म्हणून निघून जाणं म्हणजे सपोर्ट नाही (एका कमेंटला उत्तर)

ताई, तुमची कमेंट वाचली आणि उत्तर जरा मोठंच होणार आहे. हॉस्पिटलमध्ये बाळंतिणीला स्तनपानासाठी सपोर्ट मिळायला हवा असं मी लेखात म्हटलं होतं, आणि तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तो लेख म्हणजे आयांच्या डोक्यावर आणखी एक ओझं. सिझरनंतर तुम्हाला कूस बदलता येत नव्हती, सिस्टर दारातूनच ‘बाळाला पाजा हं’ म्हणून जायच्या, दुसऱ्या रात्री बाळ रडून रडून लाल झालं, तुम्ही पावडरचं दूध मागितलं तर सगळ्यांची तोंडं वाकडी, आणि वर आमच्यासारखे लोक सपोर्टच्या गप्पा मारतात. राग येणारच हो. पण हे जे तुमच्या वाट्याला आलं त्याला मी सपोर्ट म्हणतच नाहीये, ती नुसती ऑर्डर झाली.

सपोर्ट म्हणजे कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसणं आणि एक अख्खं फीड बघणं. बाळ उताणं झोपवून नुसती मान वळवलीय का, का त्याचं पोट आईच्या अंगाला लागलंय? नाक निपलच्या समोर आहे का? मोठ्ठा आ करेपर्यंत थांबलो का, हनुवटी टेकली का, खालचा ओठ बाहेर वळलाय का? मग कान देऊन ऐकायचं, दूध गिळल्याचा आवाज येतो का ते. आणि बाळाने सोडल्यावर निपल नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चेपलेलं दिसलं तर समजायचं की पकड उथळ होती. हे सगळं फोनवर सांगून कळत नाही, आणि दारातून तर नाहीच नाही.

दुसऱ्या रात्रीबद्दल तर तुम्हाला आधीच कोणीतरी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी चिकाचं दूध एका वेळी काही मिलिलिटरच येतं आणि तेवढं बहुतेक बाळांना पुरतं, भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात, सिझरनंतर कधी आणखी उशीर होतो. मधल्या काळात बाळ सारखं सारखं ओढतं, 24 तासांत 8 ते 12 वेळा पिणं हे नॉर्मल आहे. आईला वाटतं आपल्याला दूधच नाही. हे ठाऊक नसताना रात्री दोन वाजता कोणीही घाबरेल.

पण म्हणून प्रत्येक रडणं नॉर्मल असं मी म्हणणार नाही. बाळ सुस्त पडलंय, शू होत नाही, साखर कमी आलीय, वजन 10 टक्क्यांच्या आसपास उतरलंय, अशा वेळी ‘प्रयत्न करत रहा’ म्हणणं धोक्याचं आहे, तिथे बाळाला लगेच तपासायचं आणि गरज असेल तर वरचं दूध द्यायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या स्तनपानासाठीच्या ज्या दहा पायऱ्यांवर 1991 पासून ‘बाळस्नेही’ (म्हणजे स्तनपानाला नीट मदत करणारी) हॉस्पिटलं ठरतात त्यातही वैद्यकीय कारण असेल तर वरचं दूध चालतं असं स्पष्ट आहे, आणि 2018 च्या सुधारणेत बाटली-चोखणीवर सरसकट बंदी न ठेवता आईवडिलांना त्यातले धोके समजावून सांगा असं केलंय. तोंडं वाकडी करा असं कुठेच लिहिलेलं नाही!

एक मात्र मला पटलं नाही. ‘पूर्वीच्या बायकांना कोण शिकवायचं’ असं तुम्ही लिहिलंय. अहो, घरात चार बाळंतिणी बघून झालेल्या असायच्या, तेच शिकणं. आणि तेव्हाही कितीतरी जणींना जमायचं नाही, त्याची नोंद कोण ठेवतंय. सिस्टरना वेळ नसतो हे मात्र खरं, एका सिस्टरकडे एवढ्या बाळंतिणी असल्या की ती बसणार कुठे, म्हणून तर मी म्हणते की हे काम ड्युटी चार्टमध्ये लिहून कोणाला तरी नेमून द्या, सिस्टरच्या चांगुलपणावर सोडू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तीन आठवड्यांनी काही होऊ शकतं का. बऱ्याचदा होतं. पण वरचं दूध एकदम बंद करू नका, बाळ उपाशी राहील. दर वेळी आधी अंगावर घ्या, मग वरचं द्या, आणि जमेल तेव्हा हाताने किंवा पंपाने दूध काढा, कारण जेवढं रिकामं होतं तेवढं नवीन बनतं. बाळाचं वजन करून घ्या आणि स्तनपान सल्लागाराला किंवा बाळाच्या डॉक्टरांना एक फीड प्रत्यक्ष बघायला सांगा. तुमचं थायरॉइड, बाळंतपणात झालेला रक्तस्राव हेही त्यांच्या कानावर घाला, दूध कमी येण्यामागे कधी तेही असतं. दिवसाला किती लंगोट ओले होतात आणि वजन किती भरलं ते इथेच लिहा, मग पुढचं बोलू.