रेघ आतून की बाहेरून?

सर्वपित्रीचं जेवण करून आम्ही इंदापूरहून पुण्याला निघालो तेव्हा गाडीची काच स्वच्छ होती. हे मी शपथेवर सांगतो, कारण ती मीच पुसली होती. सासुरवाडीच्या अंगणात, चार माणसांदेखत, पंचा घट्ट पिळून. सासूबाई दारातून कौतुकाने म्हणाल्याही, "जावयांना गाडीची हौस फार."

यवतपर्यंत ही कीर्ती टिकली. यवत ते उरुळी कांचन हा सोलापूर रस्त्याचा तुकडा मात्र जवळपास नाकासमोर पश्चिमेला जातो, आणि सप्टेंबर संपत आला की सूर्यही नेमका पश्चिमेलाच मावळतो. सहा वाजता तो काचेच्या मधोमध उतरला आणि इतका वेळ दडून बसलेलं सगळं एकदम उजेडात आलं. पंचाचे फराटे. पिळ्यातून गळलेल्या पाण्याचे ओघळ. तळहाताचा एक ठसा, पाचही बोटांसकट. आणि डाव्या अंगाला एक मांजर. आमच्या कन्येने कधीतरी पावसात, काचेवर वाफ धरली असताना, बोटाने काढलेलं. मिशा तीन-तीन, शेपूट वर. त्या मांजराच्या पोटातून मला पुढचा टेम्पो दिसत होता.

शेजारच्या सीटवर नाना, म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं मास्तरकी, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापक. दसऱ्यापर्यंत आमच्याकडे राहायला येत होते. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "जावईबापू, काच कधी पुसत नाही का हो तुम्ही?"

यावर जे कधीच करू नये ते मी केलं. पाण्याचा फवारा उडवला आणि वायपर सुरू केला. महामार्गाची धूळ, चिलटं आणि ते चमचाभर पाणी यांचं जे पिठलं झालं, ते वायपरने निगुतीने सगळ्या काचेवर सारवलं. त्यावर ऊन पडलं आणि समोर नारिंगी पडदा लागला. रस्ता गेला, टेम्पो गेला, सूर्यसुद्धा गेला. मांजर तेवढं राहिलं, कारण मांजर आतल्या बाजूला होतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तू कशाला पुसतोस? तो मुलगा पुसतो ना रोज."

तो मुलगा पुसतो, हे खरं आहे. पहाटे साडेपाचला एक बादली आणि एक फडकं घेऊन येतो आणि सोसायटीतल्या वीस गाड्या उरकतो. बादली तीच. पाचव्या गाडीला त्या पाण्याचं सार होतं, दहाव्या गाडीला आमटी. आमचा नंबर अठरावा. मी त्याला एकदा विचारलं होतं, तर तो म्हणाला, "सर, ओली असताना बघा ना. एकदम क्लीन दिसते." त्याचं चुकत नव्हतं. ओली काच प्रत्येकाचीच स्वच्छ असते. पाणी उडून जातं आणि पाण्यातलं बाकी सगळं काचेवर मुक्कामाला राहतं, खरी भानगड तिथे आहे. त्याला मी पगार न कापता पंधरा दिवस फक्त आमच्या गाडीपुरती सुट्टी दिली आणि काम स्वतःकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये नानांसाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली गेली. ती मी टाकली नव्हती.

काच वर्तमानपत्राने पुसावी हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. अडचण एवढीच की आमच्याकडचा पेपर बंद होऊन चार वर्षं झाली. बातम्या मोबाईलवर येतात, आणि मोबाईलने काच पुसता येत नाही. तळमजल्यावरच्या काकांकडे तीन पेपर येतात. त्यांनी दिला, पण शब्दकोड्याचं पान काढून घेऊन दिला. ओल्या बोळ्याने मी तावातावाने घासलं. काचेचं काय झालं ते सांगण्याआधी दाराचं सांगतो. गाडी पांढरी आहे. दाराच्या कडेला काळ्या बोटांची रांग उमटली, आणि एका जागी कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा उलट्या छापल्या गेल्या. काचेवर फराटे होतेच. फक्त आता ते राखाडी होते.

"भांड्याचा साबण घे," बायको म्हणाली. घेतला. तेलकटपणा गेला म्हणावा, पण आमचा हात सढळ. त्या फेसाचा एक पातळ पापुद्रा काचेवर राहिला आणि दुपारच्या उन्हात इंद्रधनुष्य दिसायला लागलं. मुलीला आवडलं.

मग मला माझी आयुष्यातली सर्वांत हुशार कल्पना सुचली. आमच्या उंड्रीच्या भागात पाणी टँकरचं. खारट, जड, नळाच्या तोटीला पांढरी दाढी आणणारं. म्हणून घरात आरओ आहे. या आरओमधून एक लिटर पिण्याचं पाणी निघेपर्यंत दोन-तीन लिटर पाणी एका बारीक नळीतून बाहेर पडतं. बायको ते बादलीत साठवते आणि फरशी पुसायला वापरते. मी म्हटलं, आरओतून आलेलं पाणी, म्हणजे शुद्धच. तीच बादली उचलली आणि नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात गाडीला साग्रसंगीत अभ्यंगस्नान घातलं. पार चहा पिऊन येईपर्यंत गाडी आपोआप वाळली.

काचांवर, टपावर, आरशांवर, सगळीकडे पांढरे गोल ठिपके. ऐन नवरात्रात गाडीला देवी आल्या होत्या.

नाना खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी मला फक्त विचारलं, "त्या यंत्रात घाण पाणी शिरतं. चांगलं पाणी तुम्ही पिता. मग घाण जाते कुठे?"

हा प्रश्न त्यांनी सातवीच्या वर्गाला विचारावा तसा विचारला, आणि सातवीच्या वर्गासारखाच मी खाली बघितलं. टँकरच्या पाण्यातले क्षार यंत्र गाळून त्याच नळीवाटे बाहेर काढतं. म्हणजे मी गाडीला टँकरच्या पाण्याचा अर्कच लावला होता. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर घरात होता. टँकरचं पाणी लिटरला ७४० मिलिग्रॅम दाखवत होता आणि बादलीतलं १०२०. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हे पाणी माणसाला एकवेळ चालून गेलं असतं. काच माणसापेक्षा पथ्याची निघाली.

"क्षार आहेत ना बाबा, मग ॲसिड," कन्या म्हणाली. ती आठवीत आहे. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर अर्ध्या पाण्यात मिसळून फडक्याने दोन मिनिटं ठिपक्यांवर धरलं, आणि खरंच, ठिपके विरघळून गेले. त्याच झपाट्यात मी आतल्या बाजूलाही तेच मारलं. पुढचे दोन दिवस आमच्या गाडीला चायनीजच्या गाडीचा वास येत होता. वॉचमनने फाटकातून गाडी आत घेताना आदराने विचारलं, "आज पार्सल काय, साहेब?"

आता आतल्या बाजूविषयी. बाहेरची बाजू म्हणजे नुसती मेहनत आहे. आतली बाजू म्हणजे योगसाधना. तिथे धूळ नसते, एक निळसर धुरकट साय असते. गाडी उन्हात तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधली रसायनं वाफ होऊन उडतात आणि काचेवर जाऊन बसतात. 'नव्या गाडीचा वास' म्हणून आपण जो छाती भरून घेतो, त्यात तीच असतात. त्यात आमचा श्वास, उदबत्तीचा धूर आणि खाल्लेल्या भज्यांची बोटं. डॅशबोर्डला चकाकी आणणारं ते पॉलिश मारायची सवय असेल, तर विचारायलाच नको.

आणि ती साय जिथे सर्वांत दाट असते, तिथे हात जात नाही. पुढची काच तिरकी असते. खाली ती डॅशबोर्डला भेटते तिथे जेमतेम दोन बोटं मावतील असा कोपरा होतो. मी डावा गुडघा हँडब्रेकवर टेकला, उजवा पाय दाराबाहेर ठेवला, मान छताला लावली आणि तळहात उलटा करून, बोटांच्या पाठीवर फडकं घेऊन, कोपऱ्यात सरकवला. आरसा कानात गेला. डॅशबोर्डवरच्या गणपतीचा मुकुट कोपराला लागला. 'आणखी एक इंच' म्हणून मी मागचं अंग जरा रेटलं आणि हॉर्न वाजला. वाजतच राहिला, कारण मला मागे येता येईना. तळमजल्यावरचे काका शब्दकोडं हातात घेऊन बाहेर आले. त्यांना काचेतून माझा फक्त गाल दिसला, काचेला चिकटलेला.

त्या गालाचा ठसा मग वेगळा पुसावा लागला.

ज्याने काच पुसली आहे त्याला या कामातलं खरं दुःख माहीत असतं. रेघ दिसते. तुम्ही बाहेरून पुसता, ती आत असते. आत जाऊन पुसता, ती बाहेर असते. मी दाराच्या इतक्या उघडझापी केल्या की दिवा रुसला. शेवटी नाना म्हणाले, "मुलं फळा गोल-गोल पुसायची, त्यांना मी परत पुसायला लावायचो. पुसायची एक दिशा पाहिजे. बाहेरून आडवं पुसा, आतून उभं. आडवी रेघ राहिली तर बाहेरची, उभी राहिली तर आतली."

मी थक्क झालो. इतका साधा उपाय, आणि हा माणूस आठवडाभर खुर्चीत बसून होता! बाहेरून आडवं पुसलं. आतून उभं पुसलं. लांब जाऊन बघितलं.

रेघ तिरपी होती.

इथे माझ्या मनात एक भयंकर शंका आली. पुढची काच एक नसते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून ती केलेली असते, फुटली तरी तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून. बाजूच्या काचांचं तसं नसतं, त्या फुटल्या की साखरेसारख्या विखुरतात. म्हणजे रेघ आतून नाही, बाहेरून नाही, मधल्या पापुद्र्यात आहे! मी हे बोलून दाखवलं. नानांनी माझ्याकडे न बघता मुलीला विचारलं, "हे पुसून झाल्यावर दर वेळी काय करतात गं?"

"वायपर मारून बघतात."

वायपरच्या रबराच्या धारेवरून व्हिनेगरचं फडकं फिरवलं, तर काळाकुट्ट काजळासारखा मळ निघाला. मी पुसत होतो आणि वायपर दर वेळी नव्याने रेघ ओढत होता. या वायपरचं पेटंट १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी घेतलं. तेव्हा तो आतून दांडा ओढून हाताने फिरवायचा होता. बाईंचे उपकार आहेतच, पण आतल्या बाजूचंही बघून गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

उरला प्रश्न पाण्याचा. त्याचं उत्तर माझ्या डोक्यावर गळत होतं. शब्दशः. तिसऱ्या मजल्यावरच्या एसीची नळी आमच्या पार्किंगच्या कडेला उतरते. एसीचं पाणी म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं झालेलं पाणी, त्यात क्षार कुठून येणार? वाटीत धरलं आणि मीटर बुडवला. २२. मला इतका आनंद झाला की मी तो आकडा वॉचमनला दाखवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी नळीखाली बादली लावून उभा राहू लागलो आणि तिसऱ्या मजल्यावर उकाडा वाढो अशी प्रार्थना करू लागलो. चार तासांत अर्धी बादली. बिऱ्हाडातल्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "काही गळतंय का हो?" म्हटलं, "गळू द्या, गळू द्या."

अष्टमीच्या संध्याकाळी, ऊन गेल्यावर, काच गार झाल्यावर, अंतिम हात मारला. एक मायक्रोफायबरचं फडकं ओलं, एक कोरडं. (कोरडं आधी बायकोने कपड्यांबरोबर त्या सुगंधी कंडिशनरमध्ये बुचकळलं होतं, त्याचा मेणचट थर काचेवर येतो, म्हणून नवं आणलं. त्यावरून झालेला संवाद इथे देत नाही.) बाजूच्या काचा दोन बोटं खाली घेऊन रबरात दडलेली वरची कडही पुसली.

काच दिसेनाशी झाली. नाना खुर्चीतून उठले, जवळ आले, काठी पुढे केली. टक्. काच होती.

"सात," नाना म्हणाले. दहापैकी.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी आंघोळ करून खाली येईपर्यंत बायकोने झेंडूची माळ घातली होती, चाकाखाली लिंबं ठेवली होती आणि पुढच्या काचेवर, वरच्या बाजूला मधोमध, ओल्या कुंकवाचं वीतभर स्वस्तिक काढलं होतं. "बॉनेटवर काढलं की रंगाला डाग पडतो," ती म्हणाली. देवाच्या कामात मी बोलत नाही. ओघळ मात्र दोन आले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नानांना सोडायला निघालो. उरुळी कांचन ओलांडलं आणि तोच रस्ता, आता उलटा, पूर्वेकडे. सूर्य शेताच्या बांधावरून वर आला आणि थेट समोर उभा राहिला. एक फराटा नाही. एक ठिपका नाही. ऊन जसंच्या तसं आत. मी तिरप्या डोळ्याने नानांकडे बघत होतो, आठाची आशा होती.

नानांनी वरची झडप खाली पाडली. मग डोळ्यांवर रुमाल धरला. मग हळूहळू माझ्या बाजूला कलायला लागले. मला वाटलं झोप लागली. पण ते स्वस्तिकाच्या आड सूर्य येतो का बघत होते.

"जावईबापू," शेवटी म्हणाले, "ते मांजर होतं ना, ते बरं होतं. जरा सावली पडायची."