हराळी

परड्यात टर्फ टाकायचं ठरलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "म्हणजे गवतच ना?"

"गवत नाही गं, टर्फ. प्लास्टिकचं."

"हिरवं असतं?"

"असतं."

"मग चाळीस वर्षं मी ते उपटत बसले ती कशाला?"

आमचं घर सांगलीत. काळी माती, त्यात हराळी. ज्यांनी हराळी काढली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी काढली नाही त्यांच्यासाठी: मातीत एक पेर राहिलं की आठ दिवसांत संसार पुन्हा उभा. आईचं आणि तिचं वैर माझ्या जन्माआधीचं.

पण चिरंजीव हिशेब घेऊन आले होते. गावात रिकामा प्लॉट दिसला की जाळी लागते आणि बॉक्स क्रिकेट सुरू होतं. तासाला अमुक, लाइट लावले की तमुक, महिन्याचे चार रविवार. म्हणजे घरचं टर्फ तीन वर्षांत फुकट. माझी नोकरी गेली सव्वीस वर्षं लोकांचे असले हिशेब तपासून कर्ज नामंजूर करण्याची. घरचा हिशेब मी बघितल्याबरोबर मंजूर केला.

कॉन्ट्रॅक्टर आला. त्याने परडं बघितलंच नाही, मला मोबाइलवर दुसऱ्यांची परडी दाखवली. ४० बाय २० फूट, जाळीसकट दीड लाख. "पाच दिवसांत हातात देतो, सर." कुठल्या दिवसापासून पाच, हे विचारायचं राहून गेलं.

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट टर्फ टाकलं तर पहिल्याच पावसाळ्यात खेळपट्टीचा घाट होतो. म्हणून फूटभर माती काढायची. मग मुरूम, खडी, वर बारीक कच, प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा आणि पाणी निघून जावं म्हणून एका बाजूला किंचित उतार ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. ४० बाय २० वर फूटभर म्हणजे ८०० घनफूट, म्हणजेच ८ ब्रास. ८ ब्रास बाहेर, जवळजवळ ८ ब्रास आत, आणि मधे आमच्या घराचा साडेतीन फुटी बोळ. जेसीबीवाला बोळाच्या तोंडाशी थांबला, बोळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि रिव्हर्स टाकून गेला. सगळं घमेल्यांनी झालं. कुंड्यांना माती हवी म्हणणारी अख्खी कॉलनी एका संध्याकाळी गप्प झाली. रात्री फाटक वाजलं की लोक दिवे मालवायचे. दाबायला आणलेलं यंत्र सुरू झालं तेव्हा शेजारच्या काकूंच्या शोकेसमधला ताजमहाल चालत चालत काचेपर्यंत आला. काकू अजून आमच्याशी बोलत नाहीत. ताजमहालाचं माहीत नाही.

अकराव्या दिवशी रोल आले. आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला, पण उशिरा. कोर्ट फुटांत मोजलेलं, रोल मीटरमध्ये. २ मीटरचे तीन रोल म्हणजे ६ मीटर. २० फूट म्हणजे सहा मीटर आणि वर जवळजवळ चार इंच. कुंपणाच्या कडेला चार इंचांची उघडी पट्टी राहिली.

"चार इंचांनी काय होतंय, सर?"

क्रिकेटमध्ये सगळं चार इंचांनीच होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. चौथा रोल माझ्याच बिलात आला असता.

शेवटी सिलिका सँड. ही वाळू टर्फच्या पात्यांत ब्रशने झाडून बसवतात, पाती उभी राहावीत म्हणून. आमच्याकडे ती पात्यांत बसली, चादरींत बसली आणि एकदा आमटीत बसली. एकूण दोन लाख सतरा हजार.

उद्घाटन एप्रिलमध्ये केलं, हा आणखी एक हिशेब. प्लास्टिक आहे ते. सांगलीच्या उन्हात तापून तवा होतं. पाणी मारलं की वीस मिनिटं गार, पुन्हा तवा. अकरा ते पाच त्यावर एकच व्यक्ती चप्पल घालून निर्धास्त फिरायची, ती आई. तिने लुगडी अंथरून कुरडया घातल्या, मग सांडगे, मग साबुदाण्याच्या पापड्या. गच्चीवर दोन दिवस लागायचे, इथे एका दिवसात कडकडीत. पांढऱ्या क्रीजच्या अलीकडे कुरडया, पलीकडे पापड्या. पाच वाजता मुलं बॅट घेऊन कठड्यावर ओळीने बसायची आणि वाळवण उचलण्याची वाट बघायची. टॉस त्यानंतर.

अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये छताखालचं एक प्रचंड स्टेडियम उघडलं. खेळाडूंना पारदर्शक छतातून येणारी तिरीप लागे म्हणून ते रंगवलं, तर ऊन तुटून आतलं गवत मेलं. म्हणून १९६६ मध्ये तिथे प्लास्टिकचं गवत आलं, आणि तिथून जगभर पसरलं. हे मी आईला कौतुकाने वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, "मेलं ते कुठलं गवत?" बर्म्युडा जातीचं. शोधल्यावर कळलं, आपल्या हराळीचीच संकरित लेक.

"तिकडची असेल नाजूक," आई म्हणाली.

जुलैत पाऊस लागला. पाणी तुंबलं नाही, कबूल करतो. कचाने काम चोख केलं. मग एके सकाळी चिरंजीव ओरडत आत आले. चार इंचांची पट्टी हिरवीगार झाली होती, आणि तिथून टर्फखालून वाट काढत हराळी दुसऱ्या आणि तिसऱ्या रोलच्या सांध्यातून वर आली होती, बरोबर गुड लेंग्थवर.

मी खुरपं घेऊन निघालो. आईने हात धरला. ती वाकली, पाती चिमटीत धरून बघितली. तीन पानांची, कोवळी, चिखल नाही की माती नाही.

"गणपतीपर्यंत हात लावायचा नाही," ती म्हणाली. "इतक्या स्वच्छ दुर्वा या घरात आजवर मिळाल्या नाहीत."

तेव्हापासून आमच्या कोर्टाचा एक नियम जास्त आहे. दुर्वांवर टप्पा पडला तर नो बॉल. बोलरने चप्पल काढून जायचं, बॉल उचलायचा, आणि आज्जी खिडकीत असेल तर नमस्कारही करायचा.