‘मुद्दाम करतोय’ की ‘अजून जमत नाही’?

पहिली-दुसरीच्या वर्गातली शिस्त नियमांच्या तक्त्यावर कमी आणि बाईंच्या किंवा सरांच्या मनात चटकन काय येतं यावर जास्त चालते. पोर जागेवरून उठलं. ‘मुद्दाम करतोय’ असं वाटलं की आवाज चढतो, नाव फळ्यावर जातं. ‘याला अजून जमत नाहीये’ असं वाटलं तर नेमकं काय जमत नाही, हे आपण बघायला लागतो.

बहुतेकदा कारण साधंच निघतं. ‘वही काढा, तारीख घाला, पान बारा उघडा आणि तिसरं गणित सोडवा.’ एका दमात चार सूचना! सहा वर्षांच्या मुलाच्या लक्षात त्या सगळ्या राहतीलच असं नाही. मग ते शेजारच्याच्या वहीत डोकावतं, विचारतं आणि बोलणी खातं. एक सूचना द्या, सगळ्यांच्या वह्या उघडेपर्यंत थांबा, मग पुढची.

वर्गाबाहेर उभं करण्याबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. वाचन जड जाणारं मूल वाचनाच्याच तासाला दंगा करत असेल, तर बाहेर जाणं ही त्याची सुटका असते. दंगा केला की वाचावं लागत नाही, हे त्याला फार लवकर कळतं. वाचन आणखी मागे पडतं, दंगा वाढतो आणि ‘हा असाच आहे’ हा आपला समज पक्का होतो. अशा मुलाला बाहेर काढण्याऐवजी दोनच ओळी द्या, पण त्या शेजारी बसून वाचून घ्या.

आपला समज मुलांना न बोलताही कळतो. विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि ज्यांना ते कच्चं समजतात त्यांच्यासाठी हुशार मुलांपेक्षाही कमी. शिक्षक ३ सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली आणि दटावण्याची वेळही कमी आली. मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे, एवढंच करायचंय. सुरुवातीला ती शांतता खूप अवघड वाटते आणि आपणच उत्तर देऊन टाकतो.

ज्या मुलाचं नाव दिवसभर तोंडात असतं, त्याच्यासाठी आठवडाभर तीन रकाने भरा : आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. ‘उद्धट’, ‘आळशी’ असले शब्द त्यात नकोत, फक्त डोळ्यांना दिसलं तेवढंच. पहिल्या रकान्यात तोच तास किंवा तेच काम पुन्हा पुन्हा आलं, तर आधी ते काम बदलून बघा.