आपली छत्री कुठवर आली?

आज सकाळी पावणेसहाला फोन टिंगला. मेसेज: 'ताई, आपली छत्री कुठवर आली?' त्यातल्या 'आपली' या शब्दाने माझी उरलीसुरली झोप गेली. आपली कसली, छत्री त्यांची, डोकेदुखी माझी.

थोडक्यात सांगते. परदेशातली एक छोटीशी शाळा आहे, तीन खोल्या, मागे मुलांना राहायची सोय आणि ते सगळं चालवणाऱ्या दोन बहिणी. आमची एक मैत्रीण तिकडे कामानिमित्त होती, तिने फोटो पाठवले, आम्ही चौघीपाचजणी भावनेच्या भरात 'आम्ही बघतो' म्हणालो आणि तेव्हापासून बघतोच आहोत. पैसे जमवायचे, सामान जमवायचं, पाठवायचं. यातलं जमवायचं काम बाकीच्या करतात, त्यात फोटो असतात. पाठवायचं काम माझ्याकडे आहे.

तर काल मी खोकं घेऊन पार्सलच्या काउंटरवर गेले. साठ सेंटीमीटर लांब, पन्नास रुंद, चाळीस उंच. आत हाताने विणलेल्या लोकरीच्या टोप्या, स्वेटर, आणि कुणीतरी फार प्रेमाने दिलेलं एक टेडी, जे मी नको नको म्हणत असताना शेवटी कोपऱ्यात कोंबलं गेलं. घरी वजन करून निघाले होते. आधी खोकं घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग खोकं न घेता, मग वजाबाकी. खोकं अकरा किलो भरलं. या पद्धतीत आपलं स्वतःचं वजनही कळतं, तो अपमान वेगळा, तो इथे मोजत नाही.

काउंटरवरच्या मुलीने खोकं काट्यावर ठेवलं, मग टेप काढली, तिन्ही बाजूंनी मापलं आणि म्हणाली, "मॅडम, चोवीस किलो."

"अकरा आहे. तुमचाच काटा अकरा दाखवतोय."

"ते खरं वजन. हे व्हॉल्युमेट्रिक. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. दोन्हीतलं जे जास्त असेल ते धरतात."

मी मोबाईलवर केलं, कारण विश्वास ठेवायची इच्छाच नव्हती. १,२०,००० भागिले ५,००० म्हणजे चोवीस. बरोबर होतं. विमानात जागा किती अडते त्याचे पैसे, हा तर्क मला पटतो हो. पण तर्क पटला की राग जातो असं कुठाय? माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे तेरा किलो हवेचे पैसे द्यायचे मी?"

आणि मागून आवाज आला, "मग हवा काढा ना."

वळून बघितलं तर एक काका. हातात एकच पातळ पाकीट, आणि दुसऱ्या मनगटावर लांब दांड्याची काळी छत्री लटकवलेली. बाहेर ढगाचा पत्ता नव्हता. काही माणसं घरातून निघतानाच कुठल्यातरी प्रसंगाच्या शोधात निघतात, काका त्यातले. मी काही बोलायच्या आत त्यांनी पाकीट शर्टाच्या खिशात खुपसलं, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "उघडा. लोकर आहे ना? लोकर दबते. अहो ताई, बसा त्याच्यावर."

"कशावर?"

"खोक्यावर. पाणी असतं तर दबलं नसतं, हवा दबते. शाळेत शिकलोय की."

आता एक सांगते, मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मागे सात माणसं उभी होती, सगळ्यांना उशीर होत होता, आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'बसा की लवकर' असं स्पष्ट दिसत होतं. मी बसले. भरल्या रांगेत, परोपकारासाठी, टेडीच्या तोंडावर. काका वरून सूचना देत होते, "डावीकडे सरका, तो कोपरा फुगतोय. श्वास सोडा." माझ्या श्वासाचा आणि खोक्यातल्या हवेचा काय संबंध ते त्यांनाच माहीत. रांगेतल्या एका मुलाने कडा कापून द्यायला चावीचं टोक पुढे केलं, एका बाईंनी पर्समधून स्वतःचा टेप काढून दिला (पर्समध्ये पॅकिंगचा टेप ठेवणाऱ्या बाईबद्दल मला आजन्म आदर राहील), आणि दहा मिनिटांत खोक्याची उंची बत्तीसवर आली. ९६,००० भागिले ५,०००. एकोणीस पॉइंट दोन. जवळपास पाच किलो हवा आम्ही सगळ्यांनी मिळून हाकलली होती. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मी खरंच गहिवरले. आणि गहिवरात माणूस चुका करतो. मी काकांना सांगून बसले की हे कुठे चाललंय, कुणासाठी चाललंय.

"असं!" काका म्हणाले. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण मला सांगा, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ पैसे का नाही पाठवत?"

खरं तर प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, आणि म्हणूनच तो मला सहन होत नाही. त्या दोघी बहिणी स्वतः दर पत्रात हेच लिहितात, फार नम्रपणे लिहितात, की टोप्या सुंदर आहेत पण शक्य असेल तर पैसे. तिथल्या बाजारात टोप्या मिळतात, आणि विकत घेतल्या तर तिथल्याच कुणाचं तरी पोट भरतं. हे मला कळतं. पण पैसे मागायला गेलं की लोकांचे चेहरे बघा एकदा. जुने स्वेटर द्यायला चाळीस घरं तयार असतात. तेच स्वेटर पाठवायला पैसे लागतील म्हटलं की तीन घरं उरतात, आणि त्यातलं एक माझं. "माझे पैसे टपालात नकोत हं जायला, मुलांपर्यंत पोचू देत." अहो पण मुलांपर्यंत पोचतात कसे, चालत जातात का? एका गृहस्थांनी तर दिलेल्या रकमेतून नेमकी कुठली वही घेतली तिचा फोटो मागितला. आम्ही एका वहीचा फोटो पाठवला. कुठल्याही वहीचा. देव आम्हाला क्षमा करो.

आणि पैसे पाठवणं सोपं असतं असंही नाही. मागच्या वेळी बँकेच्या फॉर्मवर घेणाऱ्याच्या नावाला पस्तीस अक्षरांची जागा होती आणि शाळेचं नाव सत्तेचाळीस अक्षरांचं. नाव 'फॉर', म्हणजे 'साठी'पाशी तुटलं. कुणासाठी, ते पुढच्या बारा अक्षरांत होतं. इथून पैसे निघाले, मधल्या एका बँकेने आपलं कापून घेतलं, तिकडच्या बँकेने नाव जुळत नाही म्हणून परत पाठवले, येताना मधल्या बँकेने पुन्हा कापलं. अठरा दिवसांनी पैसे घरी आले ते रोडावून, परगावी परीक्षेला गेलेल्या मुलासारखे. खर्च कुणाच्या माथी, याचे फॉर्मवर तीन पर्याय असतात, सगळा पाठवणाऱ्याचा, सगळा घेणाऱ्याचा, किंवा वाटून. आम्ही वाटून घेतला होता. न मिळालेल्या पैशांचा खर्च वाटून घेणं म्हणजे काय, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

यातलं काहीही मी काकांना सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "लोकांना वस्तू द्यायला आवडतं, काका."

इथे माझी दुसरी चूक झाली.

काकांनी मनगटावरची छत्री काढली, तिच्याकडे एकदा मायेने बघितलं आणि म्हणाले, "मग ही पण जाऊ दे. माझ्याकडून."

"नको हो काका, तुम्हाला लागेल."

"घरी पडूनच असते."

"तिकडे पाऊस फार नसतोच पण. थंडी असते."

"मग उन्हाला."

मागच्या सात माणसांना आता यात खरोखर रस आला होता. देणाऱ्याला नाही म्हणायची सोय मागणाऱ्याला नसते, आणि मी तर वर्षभर दारोदार मागणारी बाई. छत्री नव्वद सेंटीमीटरची, खोकं साठाचं. मी म्हटलं, बसणार नाही. काका म्हणाले, "सरळ नाही बसणार. तिरकी बसेल. कर्ण असतो ना." मग त्यांनी रांगेतल्या त्या चावीवाल्या मुलाकडून कर्ण काढून घेतला. तळाचा कर्ण अठ्ठ्याहत्तर, कोपऱ्यातून वरच्या समोरच्या कोपऱ्यात गेलं तरी चौऱ्याऐंशी. "सहाच सेंटीमीटर!" काका विजयी आवाजात म्हणाले, जणू सहा सेंटीमीटर म्हणजे काही नाहीच, आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत त्याच चावीने खोक्याच्या वरच्या कोपऱ्याला भोक पडलेलंसुद्धा होतं. त्यातून छत्रीची वाकडी मूठ बाहेर आली. बदक डोकावतं तसं.

मुलीने पुन्हा टेप लावली. मुठीच्या टोकापर्यंत. "बाहेर आलेला भागही धरतात, मॅडम." बत्तीस अधिक आठ. चाळीस.

चोवीस किलो.

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "निदान आता हवा तरी नाही पाठवत आहात."

अजून फॉर्म बाकी होता. कस्टमच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तू वेगळी लिहायची, नग, वजन, किंमत, कुठल्या देशात बनली, आणि तिचा कोड. हा कोड जगभर चालतो, पहिले सहा आकडे सगळीकडे सारखेच, १९८८ पासून. वापरलेल्या कपड्यांचे त्यातले पहिले चार ६३०९, हे मला आता स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ आहे. छत्रीचे मुलीने शोधले, ६६०१. उन्हाची छत्री पण त्याच नंबरात येते हे तिने वाचून दाखवलं तेव्हा काकांनी माझ्याकडे 'बघा, म्हटलं नव्हतं' असं बघितलं. त्या ६६ व्या प्रकरणात छत्र्यांच्या बरोबर काठ्या आणि चाबूकसुद्धा आहेत. मला त्या क्षणी चाबकाचं वाचून बरं वाटलं.

"किंमत किती लिहू?" मुलीने विचारलं. शून्य चालत नाही, भेट असली तरी चालत नाही. मी म्हटलं, अगदी किरकोळ लिहा, जुनी आहे. आणि इतका वेळ 'घरी पडूनच असते' म्हणणारे काका एकदम दुखावले. "जुनी म्हणजे? इम्पोर्टेड आहे ती."

"कुठल्या देशातली?" मुलगी म्हणाली. तिला तो रकाना भरायचाच होता.

काकांनी चिकटवलेलं खोकं उघडायला लावलं, छत्री बाहेर काढली, आणि लेबल आतल्या बाजूला असतं म्हणून ती उघडली. तिथेच. खट्ट! सात माणसं मागे सरकली. एक काडी कापडातून सुटून वर आली होती, आणि तिच्या टोकाला लेबलाचा दोरा होता, लेबल नव्हतं. म्हणजे आम्ही मोडकी छत्री चोवीस किलोच्या भावाने पाठवत होतो. काका शांतपणे म्हणाले, "एक टाका घालायला सांगा त्यांना."

आता हे वाचून हसू येत असेल, मलाही थोडं येतंय, पण 'एक टाका घालायला सांगा त्यांना' हेच सगळीकडे चालतं. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगाने पाच हजार टन औषधं आणि वैद्यकीय सामान पाठवलं, आणि काय काय आलंय हे नुसतं समजायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. काही मुदत संपलेलं, काही थंडीने खराब झालेलं, बऱ्याचशावर काय आहे ते ओळखू येईना. शेवटी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेला नियम लिहून काढावे लागले की दान केलेलं औषध तिकडे पोचेल तेव्हा त्याची निदान वर्षभर मुदत शिल्लक असावी. हे लिहून सांगावं लागलं! आमच्याकडे पण एका घरून अर्धी खाल्लेली गोळ्यांची पट्टी आली होती, 'मला आता गरज नाही' म्हणून. गरज नसलेलं सगळं गरजूंना, असा साधा हिशोब आहे लोकांचा.

शेवटी देशाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी सांगणार नाही. मी पैसे भरले. चोवीस किलोचे. जाता जाता काकांनी सुचवलं की पुढच्या वेळी लाकडी पेटी करा, भक्कम पडते. लाकडी पेटी परदेशी पाठवायची तर लाकूड आतपर्यंत छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवून त्यावर शिक्का लागतो, लाकडाबरोबर कीड तिकडे जाऊ नये म्हणून. हे मी मागे एकदा पेटी परत आल्यावर शिकलेय. मी सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी पेटी घरी तापवून आणली असती. मग त्यांनी पाकीट दिलं, दोन मिनिटांत काम उरकलं, आणि 'मुलाचा छत्री घेतलेला फोटो पाठवा' म्हणून माझा नंबर मागितला. सात माणसं बघत होती. दिला.

म्हणून पावणेसहाचा मेसेज. खोकं अजून याच शहरात आहे, मी रात्रीच बघितलं होतं, 'स्वीकारले' एवढंच दाखवतंय. काकांना तसं कळवलं. त्यावर अंगठा आला. मग पाच मिनिटांनी हे:

'आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये सांगितलं. सगळ्यांना फार आवडलं. नऊ छत्र्या जमल्या आहेत. कधी घेऊन येऊ?'

मी टाइप केलं, 'काका, त्यापेक्षा पैसे'. खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. मग फोन उलटा ठेवून पडून राहिले, आणि लाज वाटते सांगायला, पण मनात आकडे सुरू झाले होते. नऊ छत्र्या घट्ट बांधल्या तर नव्वद गुणिले वीस गुणिले वीस, भागिले पाच हजार. सात पॉइंट दोन.

मुठी एकाआड एक उलट्या ठेवल्या तर अजून कमी होईल.